‘घरीच असते’ची किंमत किती?

अपघाताची बातमी आली की आपण पहिलं विचारतो, ‘किती गेले?’ मग विचारतो, ‘सरकारनं किती जाहीर केले?’ जे वाचले त्यांचं पुढे काय झालं, हा तिसरा प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही.

आपल्या बुलढाणा जिल्ह्याला पहिले दोन प्रश्न आता पाठ झाले आहेत. १ जुलै २०२३ ची ती रात्र कोण विसरेल? नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर उलटली, पेटली आणि २५ जण गेले. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख आणि पंतप्रधानांनी २ लाख जाहीर केले. त्याच महिन्यात २९ तारखेला मलकापूरला दोन बसची धडक झाली, अमरनाथ यात्रेहून परतणाऱ्या भाविकांसह सहा जण गेले. त्याआधी ऑगस्ट २०२१ मध्ये सिंदखेडराजा तालुक्यातच तढेगावजवळ समृद्धीच्या कामावरचे मजूर घेऊन जाणारा टिपर उलटला होता. त्याच टिपरमध्ये लोखंडी सळया होत्या. ते मजूर त्यांच्याखाली दबले.

या मोठ्या अपघातांचं निदान नाव तरी होतं. पण रोज कुठे ना कुठे ऑटो उलटतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बाई पडते, दुचाकीवर मागे बसलेल्या बाईला जीप उडवते. जीव वाचतो, लोक म्हणतात, ‘नशीब बलवत्तर!’ नंतर मात्र तो पाय पूर्वीसारखा दुमडत नाही, बोटांची मूठ वळत नाही आणि डोक्याला बसलेल्या मारानं विसरायला होतं. बचत गटांच्या निमित्ताने मी गावोगाव जाते तेव्हा अशा बाया हमखास भेटतात. बैठकीत भिंतीला टेकून पाय लांब करून बसतात. ‘भरपाईचा दावा केला का?’ विचारलं की म्हणतात, ‘मले कोण देईन? मी काय कमावतो?’

आज लिहायचं आहे ते या ‘मी काय कमावतो’वर.

मदत वेगळी, हक्क वेगळा

आधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. सरकार जाहीर करतं ती सानुग्रह मदत. ती मिळाली तर चांगलंच, पण ती भरपाई नव्हे. भरपाई हा कायद्याने दिलेला हक्क आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली जखमी व्यक्ती स्वतः गाडीचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्याविरुद्ध दावा करू शकते. हा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो. त्यासाठी मुंबई-नागपूर गाठावं लागत नाही. अपघात झाला त्या भागातल्या किंवा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणात तो करता येतो. सरकारी मदत घेतली म्हणून हा हक्क जात नाही.

दाव्याच्या अर्जात एक रकाना असतो, व्यवसाय आणि मासिक उत्पन्न. बायकांच्या बाबतीत सगळं घोडं तिथेच अडतं.

एका जखमी बाईसोबत मी वकिलांकडे गेले होते. कारकुनाने विचारलं, ‘बाई काय करतात?’ नवरा म्हणाला, ‘काही नाही, घरीच असते.’ बाईही मान डोलावून म्हणाली, ‘हो, घरीच तं राह्यतो मी.’ मग मी तिला म्हटलं, सकाळपासून सांग. ती पाचला उठायची. दोन म्हशींचं शेण, चारा, धार, डेअरीला दूध. सहा माणसांच्या भाकरी. सासूचं औषधपाणी, दोघा पोरांची शाळा. निंदणाच्या दिवसांत निंदण, पुढे सोयाबीनची सोंगणी, मग कापूस वेचणी, स्वतःच्या रानात आणि दुसऱ्याच्याही. संध्याकाळी पुन्हा धार, पुन्हा चूल. ऐकता ऐकता नवऱ्याची मान खाली गेली. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याने कधी मोजलंच नव्हतं. तिनेही नव्हतं.

कोर्टाने मोजलं

आपण मोजलं नाही, पण देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोजलं. १९८९ मध्ये जमशेदपूरला एका कार्यक्रमात आग लागून अनेक जण गेले, त्यांत कितीतरी गृहिणी होत्या. त्या खटल्याच्या २००१ च्या निकालात न्यायालयाने गृहिणीच्या घरातल्या सेवेची किंमत महिन्याला ३ हजार रुपये धरली. रक्कम आज लहान वाटते, पण ‘शून्य नाही’ हे त्या निकालाने ठणकावून सांगितलं. २०१० च्या दुसऱ्या निकालात न्यायमूर्तींनी जनगणनेवरच बोट ठेवलं. २००१ च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या कोट्यवधी बायकांना भिकारी आणि कैदी यांच्यासोबत ‘काम न करणारे’ या गटात टाकलं होतं. वाचून अंगावर काटा येतो!

जानेवारी २०२१ च्या निकालात तर घड्याळच समोर ठेवलं. २०१९ च्या सरकारी पाहणीनुसार घरातल्या बिनपगारी कामाला बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देते आणि पुरुष ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. मुलांचं-म्हाताऱ्यांचं करण्यात जातो तो वेळ आणखी वेगळा. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने सांगितलं की गृहिणीचं उत्पन्न रोजंदारीच्या किमान वेतनापेक्षा कमी धरताच येणार नाही. त्या खटल्यात अडीच लाखांची भरपाई सहा लाख झाली.

हे निकाल मृत्यूच्या दाव्यांतले आहेत. पण कामाची किंमत ठरली ती ठरली. बाई गेली तर तिच्या कामाला किंमत, आणि बाई अंथरुणाला खिळली तर नाही, असं कसं होईल?

टक्के कशाचे?

जखमींच्या दाव्यात दुसरी अडचण टक्केवारीची. डॉक्टर लिहून देतात, ‘उजव्या हाताचं ३० टक्के अपंगत्व.’ विमा कंपनीचे वकील म्हणतात, तीसच टक्के ना, आणि तेही नुसत्या हाताचे! पण राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नियम घालून दिला. शरीराचं अपंगत्व किती हे पाहून थांबायचं नाही. त्या माणसाचं काम कोणतं, आणि या इजेनंतर तो ते काम किती करू शकेल, हे पाहायचं. तीच इजा ड्रायव्हरला रस्त्यावर आणते आणि कारकुनाला कदाचित नोकरीत ठेवते.

आता आपल्याकडची बाई घ्या. कापूस वेचणं सगळं बोटांच्या टोकांवर चालतं. बोंडातून सरकी-कापूस ओढायचा, काडीकचरा येऊ द्यायचा नाही, आणि मजुरी मिळते किलोवर. ज्या बाईची दोन बोटं आखडली, तिचे टक्के कागदावर कमी दिसतील, पण तिची वेचणी संपली. भाकरी थापणं, धार काढणं, विहिरीवरून पाणी शेंदणं, सगळं त्या हातावर. हे न्यायाधीशांना आपोआप कळणार नाही, साक्षीत सांगावं लागतं. ‘मला आता हे हे करता येत नाही’ असं एकेक काम मोजून सांगायचं. यात लाजायचं काही नाही.

त्याच निकालात भरपाईचे भागही दिले आहेत. दवाखाना, औषधं, जाण्या-येण्याचा खर्च, चांगलं खाणंपिणं, उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी, पुढच्या आयुष्यात घटलेली कमाई, पुढची ऑपरेशनं, सोसलेल्या वेदना आणि गमावलेलं सुख, अगदी लग्न जमण्यात येणारी अडचणसुद्धा. शिवाय शुश्रूषा करणाऱ्या माणसाचा खर्च. बारा वर्षांची एक मुलगी अपघाताने कायमची परावलंबी झाली होती. तिच्या खटल्यात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवसरात्र सांभाळणाऱ्या दोन माणसांचा खर्च जन्मभराचा धरला आणि एकूण भरपाई सुमारे ६२ लाखांवर नेली. आपल्याकडे हे काम आई, नणंद किंवा मोठी मुलगी करते. मुलीची शाळा सुटते. घरचं माणूस करतं म्हणून ती सेवा फुकट ठरत नाही, हेही दाव्यात लिहायचं असतं.

हिशेब करून बघू

समजा, बाई ३२ वर्षांची आहे आणि अपघाताने तिची काम करण्याची ताकद ४० टक्क्यांनी कमी झाली. कोर्टाची पद्धत साधारण अशी. वर्षाचं उत्पन्न घ्यायचं, चाळिशीच्या आतल्या माणसासाठी पुढे वाढणाऱ्या कमाईचे ४० टक्के त्यात मिळवायचे, मग वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचं. ३१ ते ३५ वयासाठी तो आकडा १६ आहे.

रकान्यात महिना ३ हजार धरले तर वर्षाचे ३६ हजार, वाढ धरून ५० हजार ४००, गुणिले १६, आणि त्याचे ४० टक्के. होतात ३ लाख २२ हजार ५६०. तिथेच महिना ९ हजार सिद्ध झाले, तर हीच बाई, हीच इजा, आणि रक्कम ९ लाख ६७ हजार ६८०. दवाखान्याचा खर्च आणि वेदनांची भरपाई याहून वेगळी. साडेसहा लाखांचा फरक पडला तो एका रकान्यात काय लिहिलं आणि त्याला पुरावा काय दिला, यामुळे.

पुरावा म्हणजे काय? डेअरीचं दुधाचं कार्ड, बचत गटाचं पासबुक, रोजगार हमीचं जॉबकार्ड, शिवणकामाची वही, ज्यांच्या शेतात मजुरीला जातो त्यांची साक्ष. आपल्याकडे हे सगळं असतं. पत्र्याच्या डब्यात, नाहीतर गादीखाली. ते कागद आहेत हेच आपल्याला ठाऊक नसतं.

दवाखान्यातलं पहिलं वाक्य

दावा कोर्टात नंतर जातो. पण तो जिंकायचा की हरायचा, ते बऱ्याचदा दवाखान्याच्या दारातच ठरतं. पोलिसांची कटकट नको म्हणून बरोबरची माणसं सांगतात, ‘घसरून पडली.’ ते वाक्य केसपेपरवर चढतं. सहा महिन्यांनी कितीही सांगा की जीपने उडवलं होतं, विमा कंपनी तोच कागद पुढे करते. म्हणून घडलं तेच सांगा. गाडीचा नंबर लिहून ठेवा. पोलिसांत गुन्हा नोंदवा, पंचनाम्याची प्रत घ्या, प्रत्येक पावती जपा. उपचार संपले की जिल्हा रुग्णालयातून अपंगत्वाचा दाखला काढा.

अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. १ एप्रिल २०२२ पासून तसा नियम आहे. तुम्ही विचारलं तर काम लवकर होतं, एवढं अनुभवाने सांगते. मे २०२५ पासून केंद्र सरकारची योजना आहे. रस्ता अपघातातल्या जखमीवर नेमून दिलेल्या रुग्णालयात सात दिवसांपर्यंत, दीड लाखापर्यंत, पैसे न भरता उपचार होतात. दवाखान्यात पोचताच याची चौकशी करा. दागिने मोडण्याआधी!

आणि रस्त्यावरचा समझोता? ‘दहा हजार घ्या, मिटवा’ म्हणून स्टँप पेपरवर सही घेतात. पाय सुजलेला असतो, मोडला आहे की नाही तेही कळलेलं नसतं. अशी सही करू नका.

कोणत्या गाडीत बसलो?

सोंगणी-वेचणीच्या दिवसांत मुकादम पाठवेल त्या गाडीत आपण चढतो. मालवाहू टेम्पोत वीस-पंचवीस बाया उभ्या. इथे कायदा कडक आहे. मालवाहू गाडीत प्रवासी म्हणून बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलेलं आहे. दावा मालकावर होतो, आणि मालकाकडे देण्यासारखं काही नसलं तर निकाल कागदावरच राहतो. आपली भाजी किंवा धान्य घेऊन त्याच गाडीतून बाजाराला निघालेल्या बाईला मात्र मालाची मालकीण म्हणून संरक्षण आहे. कपाशीला जाणाऱ्या बाईजवळ माल नाही, फक्त डबा आहे. म्हणून गटातल्या सगळ्यांनी मिळून मुकादमाला सांगा, प्रवासी गाडी पाठव. एकटीचं कुणी ऐकत नाही, वीस जणी चढल्याच नाहीत तर ऐकावं लागतं.

गाडी उडवून पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी वाट बंद नाही. अशा वेळी तहसील किंवा उपविभागीय कार्यालयात अर्ज करून गंभीर जखमीला ५० हजार आणि मृताच्या वारसांना २ लाख मिळतात. चूक कुणाची हे सिद्ध न करता गंभीर जखमीला अडीच लाख देणारं कलम १६४ ही आहे. पण ती रक्कम स्वीकारली की मोठा दावा संपतो, म्हणून आधी सल्ला घ्या.

मळणी यंत्रात पदर अडकला, विजेचा धक्का बसला, अशा अपघातांसाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर १ लाख, दोन गेले किंवा मृत्यू झाला तर २ लाख. सातबारा नवऱ्याच्या नावावर असला तरी कुटुंबातली सदस्य म्हणून बायकोला लाभ मिळू शकतो. मात्र अर्ज ३० दिवसांत, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे.

कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले. पण ज्याच्या घरात धान्य आहे, त्यालाच हे शहाणपण परवडतं. ज्या बाईचा हात गेला, तिने कुणाची पायरी चढावी? भावाची? दिराची?

खर्चाची भीती वाटते तर लक्षात ठेवा, १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही, जातीची अट नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका कोर्टातल्या समितीकडे साधा अर्ज द्यायचा. १५१०० या नंबरवर फोन लावला तरी चालतो. ‘मिळेल त्यातले एवढे टक्के माझे’ असा सौदा वकिलांना नियमानेच मना आहे. दवाखान्यात फॉर्मवर अंगठा घ्यायला येणाऱ्या दलालांना ही गोष्ट सांगून पाहा, पुन्हा येत नाहीत.

मुदतही पाळा. कायद्यातली दुरुस्ती १ एप्रिल २०२२ ला लागू झाली, तेव्हापासून अपघातानंतर सहा महिन्यांत दावा करायचा आहे. या मुदतीलाच आव्हान दिलेलं असल्याने, केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. म्हणून उशीर झालेल्यांनी आशा सोडू नये. पण ज्यांच्या हातात वेळ आहे त्यांनी सहा महिने ही लक्ष्मणरेषा समजावी. लोकअदालतीत तडजोड लवकर होते, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं. आकडा पटला तरच सही.

पैसा कुणाच्या खात्यात?

शेवटचं, आणि बोलायला अवघड. एका बाईची भरपाई नवऱ्याच्या खात्यात गेली. काही महिन्यांनी ती माहेरी होती. ‘आता तिच्यानं काही होत नाही’ एवढंच कारण. पैसे तिच्या मोडलेल्या कमरेचे होते, आणि तिच्याकडे औषधालाही नव्हते. म्हणून जखमी बाईचं खातं तिच्या एकटीच्या नावावर असावं आणि तोच नंबर कोर्टाला द्यावा. भरपाई थेट दावेदाराच्या खात्यात जमा करावी, असं मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं आहे. काही रक्कम मुदत ठेवीत ठेवण्याची विनंती न्यायाधीशांना करता येते. सोय म्हणा, कवच म्हणा.

मैत्रिणींनो, अपघात कुणाच्याच वाट्याला येऊ नये. पण मोजायला अपघाताची वाट कशाला पाहायची? पुढच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले की पंधरा मिनिटं काढा. प्रत्येकीने एका कागदावर पहाटेपासून रात्रीपर्यंतची आपली कामं लिहायची. जिला लिहिता येत नाही तिचं शेजारणीने लिहायचं. कोणत्या महिन्यात किती दिवस मजुरी, डेअरीला किती लिटर दूध, महिन्याला किती ब्लाउज शिवले, सगळं. खाली तारीख टाकायची, सही करायची आणि रेशनकार्डासोबत ठेवून द्यायचं.

आणि कुणीही, कुठल्याही कचेरीत विचारलं, ‘बाई काय करता?’ तर ‘घरीच असते’ म्हणायचं नाही. तो कागद काढून वाचून दाखवायचा. वाचायला थोडा वेळ लागेल, तो लागू द्यायचा.